साक्षीचं झाड

मस्किंगमकाठ, ओहायो, १८३१

बसूनच सांगतो, न्यायाधीशमहाराज.
गुडघे त्या साखळीमागे गेले.

सहासष्ट फूट लोखंड, शंभर कड्या.
पुढचं टोक जोनास टटलच्या हातात, मागचं माझ्या.
तो गज रोवायचा, मी उपटायचो,
उपटलेले मोजून दिवसाचा हिशेब द्यायचो.
ऐंशी साखळ्यांचा मैल.
मैलाच्या कोपऱ्यावर एखादं बीच निवडायचं,
साल सोलायची, आकडे कोरायचे.
त्याला साक्षीचं झाड म्हणत.
बोलत नाही म्हणूनच असेल.

तुम्ही वहीतलं वाचून दाखवलंत :
‘जमीन दुसऱ्या प्रतीची. ओक, हिकरी.
ओढा, बारा कड्या रुंद, वाहता.
जुनं शेत.’
अक्षर वूल्कॉटसाहेबांचंच. ओळखतो.

पण शेत जुनं नव्हतं.
मका छातीला लागत होता,
मक्याच्या अंगावर घेवडा चढलेला,
खाली भोपळ्याची पानं, पाय ठेवायला जागा नाही.
शेत एका लेनापी बाईचं.
मिशनऱ्यांनी बाप्तिस्म्यात दिलेलं नाव बेनिग्ना.
त्याआधीचं मी विचारलं नाही.

साखळी तिच्या ताटांमधून सरपटत गेली.
ती आडवी आली नाही.
दुपारी उकडलेली कणसं आणून ठेवली.
साहेबांनी तीन खाल्ली, दाढी पुसली,
मांडीवर वही घेतली : जुनं शेत.

मी म्हटलं, साहेब, हिरवंगार आहे की हे.
म्हणाले, एनॉस, हा कागद शहरात पोचेपर्यंत
होईल जुनं.

मग सगळे ओढ्यावर हात धुवायला गेले
आणि तिनं एक गज उपटला.
टोकाला लाल चिंधी होती.
चोरून नाही. माझ्याकडे बघत,
कांदा उपटावा तसा सहज,
माती झटकून घोंगडीत घातला.
मला वाटलं, एवढ्याशा लोखंडाचं काय करील?
खुरपं करील फार तर.

संध्याकाळी जोनास ओरडला, किती?
हातात नऊ होते.
नऊ, म्हणालो.

म्हणून कागदावर ऐंशी
आणि जमिनीवर एक्याऐंशी.
ही चूक नाही महाराज. हे मी आज पहिल्यांदा सांगतोय,
बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आता त्या सहासष्ट फुटांसाठी
इकडून पीझ, तिकडून लूमिस,
बांध कोरला, बांध कोरला म्हणत
वर्षभर एकमेकांची कुंपणं मोडतायत.
पट्टी दोघांच्या दस्तात नाही.
कुणाच्याच नाही.

आणखी एक, विचारलं नाहीत तरी :
साखळी झिजते तशी लांबते.
कडी कडीला घासते, भोकं मोठी होतात,
दिवसाला दिसत नाही, हंगामाला वीतभर भरते.
आम्ही जसजसे पश्चिमेला गेलो
तसतसा मैल वाढत गेला.
हसा. जोनासही हसायचा,
वॉबॅशच्या काठी तापानं जाईपर्यंत.

झाड?
झाड पीझच्या कोठारात आहे, तुळई होऊन.
कोरलेले आकडे खालच्या अंगाला आले.
गाईंना दिसतात.

त्या पट्टीत मात्र एकदा जाऊन या.
रानआलुबुखाराची जाळी माजलीय,
ऑगस्टात मधमाश्यांनी घोंगावते.
वरवर जाळीच वाटते,
पण जुनी खोडं बघा, आठ-आठ पावलांवर आहेत.
मी मोजलीत. सवय.
कुणीतरी लावल्याशिवाय अशी येत नाहीत.

बाई पुढच्या हिवाळ्यात नव्हती.
कुठं गेली विचारलं तर सगळे हात करायचे
मावळतीकडे,
जिकडे आम्हीही निघालो होतो.

सही ना? द्या.
अंगठा नको, लिहिता येतं मला. आकडे तरी येतात.
फक्त सांगा,
या रकान्यात काय लिहू?
नऊ की दहा?