दोरी

लोखंडी जिन्याच्या अकरा पायऱ्या चढून
बेल्मीरू काचेच्या खोलीत बसायचा.
खाली आगेदाचा कुलूप-कारखाना,
वरून त्याला माणसांचे फक्त भांग दिसायचे.
मेश्त्र म्हणायचे त्याला सगळे.
आपला मिस्त्री तिथूनच गलबतात बसून आला,
चावी आली,
मागोमाग पगारही.

सव्वीस वर्षं कमरेला जुडगा
आणि डोक्यात सगळा हिशेब:
कुठली प्रेस थंडीत अडते,
कुणाची रजा खरी, कुणाची खोटी,
अडीनडीला तीन हजार स्प्रिंगा
कुठल्या खोक्यामागे दडवल्यात.
'विचारू नका, करा'
हे एकच वाक्य तो इतक्या तऱ्हांनी बोलायचा
की शिव्या वेगळ्या लागत नसत.

मग एका मार्चमध्ये जिना कापला.
गॅसकटरच्या ठिणग्या बघायला
पाळी थांबली होती.
दडवलेल्या स्प्रिंगा सापडल्या,
भंगारवाल्यानं किलोवर नेल्या.
शेजारच्या लाइनीचा मेश्त्र ओरासियू,
त्याला केक कापून निरोप दिला.
दोन लाइनींना आता एकच माणूस पुरे.
बेल्मीरूनं आपला तुकडा रुमालात बांधून घरी नेला,
तिथेही खाल्ला नाही.

आता भिंतीवर प्रत्येक हत्याराची सावली रंगवलेली,
पाना हलला की सावली चहाडी करते.
जुडगा उघड्या खुंटीवर.
बेल्मीरू मात्र चालताना
अजून डावीकडे कलतो.

आणि डोक्यावरून ही पिवळी दोरी.
अडलं की कुणीही ओढावी,
दिवा लागला की मेश्त्रनं धावावं.
पहिला आठवडाभर कुणी हात लावला नाही.
सव्वीस वर्षांची जरब
दोरीला लोंबत होती.

मग लुडोविनानं ओढली.
सिलिंडर उलटा बसतोय म्हणाली.
'कधीपासून?'
'मुलगा शाळेत जायच्या आधीपासून.'
मुलगा आता फौजेत.
'मग बोलली का नाहीस?'
तिनं वर पाहिलं,
जिथे खोली होती तिथे.

जुनं वाक्य जिभेवर आलं होतं, गिळलं.
नवं, नव्या कवळीसारखं, तोंडात बसेना:
'तुला... काय वाटतं? काय करावं?'

ट्रेच्या कडेला तिनं पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवला.
झालं.
चार सेकंद वाचले, फळ्यावर हिरवा आकडा.
'ते चार सेकंद कुठे जातात, मेश्त्र?'
फळ्यावर त्याचा रकाना नव्हता.
त्याला खरंच ठाऊक नव्हतं,
आणि ठाऊक नाही असं
तो आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाला.

शुक्रवारी पाळी सुटली.
दिवसभरात अकरा किलोमीटर चालला होता,
गुडघ्यांना जिन्याची आठवण येत होती.
कुणी नाहीसं बघून
त्यानं स्वतःच दोरी ओढली.
दिवा लागला. रिकाम्या बाकांवर पिवळा उजेड
फिरत राहिला.

फाटकापासून पिशवी सावरत
लुडोविना परत आली.
'काय अडलंय?'

'काही नाही,' तो म्हणाला,
'चालतेय का बघत होतो.'
दोरी अजून मुठीत होती.