एक दात

निपाणीच्या बाहेर, तंबाखूच्या वखारीला खेटून गॅरेज.
आमच्या पान्यांनासुद्धा तपकिरीचा वास.
आत मॉरिस मायनर, लाकडी ओंडक्यांवर,
जबडा उघडा, पोट रिकामं.
मालकीण मगदूम डॉक्टरीण, गुरांच्या.
जिप्सीचं तेराशेचं इंजिन बसवा म्हणाली,
तवंदीचा घाट तिसऱ्यात चढायचाय.

प्रश्न इंजिनाचा नव्हता.
ते हुबळीच्या भंगारात मिळालं, ब्लॉक शाबूत.
प्रश्न पुढच्या पायांचा.

मी डिप्लोमावाला, पिंपरीत सहा वर्षं
दुसऱ्यांच्या गाड्यांचे नट आवळून परतलेला.
म्हणालो, कापूया. मडगार्डाच्या आतून
मारुतीचे स्ट्रट उभे करूया. सुटसुटीत.
कल्लाप्पा मिस्त्री न पेटवलेली बिडी
या गालातून त्या गालात फिरवत म्हणाले,
"कापशील रे, खरं त्या पत्र्यानं कधी
डोस्क्यावर वजन घेतलंय काय?
हिचा भार पोटाखालनं जातोय."

पोटाखालनं जाते एक पोलादी कांब, हातभर नाही, चांगली लांब.
खड्डा आला की पीळ घेते,
खड्डा सरला की सोडते.
सत्तर वर्षं हेच.

चिकोडीचा दस्तगीर अँबेसेडरचा अख्खा पुढचा भाग
टेम्पोत घालून दारात हजर.
माप घेतलं तर चाकं मडगार्डाबाहेर,
चड्डीतनं गुडघे डोकावल्यागत.
चहा पाजून परत पाठवला.

दोन रात्री वखारीच्या पावत्यांच्या पाठीवर
मी रेघा मारत बसलो.
एका गोष्टीवर आमचं दोघांचं एकमत:
इंजिन मोठं, म्हणजे भार जास्त,
म्हणजे कांब जाड पाहिजे.

डॉक्टरीण अक्कोळहून आली, कोपरापर्यंत डेटॉल,
कुणाचीतरी म्हैस रात्रभर अडली होती.
रेघा बघितल्या. म्हणाली,
"लंगडणाऱ्या बैलाचा पाय मी आधी धरत नाही,
आधी चालवून बघते.
वजन किती हो याचं?"

कुणालाच माहीत नव्हतं.
सहा वर्षं पिंपरीत, मला माहीत नव्हतं.

शेजारच्या काट्यावर, जिथं तंबाखूची बोदं चढतात,
हमालांनी आकडे लावून जुनं इंजिन ठेवलं:
एकशे त्रेसष्ट.
मग नवं, गिअरबॉक्ससकट:
एकशे एकवीस.
"उलटंच झालं की!" हमाल हसला
आणि पुढच्या बोदाला लागला.

नवं इंजिन बसलं, गाडीनं नाक वर केलं.
हेडलाइट रस्ता सोडून
चिंचेच्या शेंड्याकडं.
मी गप्प. गॅस कटरची नळी गुंडाळून ठेवली.

कल्लाप्पा खाली सरपटले.
कांबीच्या टोकाला बारीक दाते असतात,
त्यात ती अडकून बसते, तिथंच तिची उंची ठरते.
टॉर्च मी धरलेला. हातोडीचे चार ठोके,
एक शिवी, कन्नडमध्ये,
मग कांब सुटली, फिरली,
आणि खालून आवाज:
"ओंदु हल्लु साकु."

एक दात. पुरे.
गाडीनं मान खाली घातली, वर्गात उशिरा आलेल्या पोरागत.

ब्रेकचं मात्र मी ऐकलं नाही.
जुन्या ड्रमवर हे इंजिन सोडणार नाही म्हणालो,
डिस्कसाठी प्लेट उद्यमबागेतनं कातून आणली,
तीन वेळा चुकली, चौथ्यांदा बसली.
आणि पिनेला ग्रीस, दर दीड हजार किलोमीटरला,
नाहीतर चाक घडी घालून बसतंय, बाई.
तिनं ते लसीकरणाच्या वहीत लिहून घेतलं,
लाळ्या-खुरकुताच्या खाली.

तवंदीच्या माथ्यावर तिनं गाडी थांबवली.
तिसराच गिअर होता, पूर्ण घाट.
उतरून बॉनेटवर तळवा ठेवला, दाबला,
गाईच्या खांद्यावर दाबतात तसा.
खाली गेली. वर आली. थांबली.

"बरं आहे," म्हणाली, मान तिरकी करून,
"खरं डावीकडं जरा बसलीय का?"

मी वळून बघतो तर
कल्लाप्पांचे फक्त पाय दिसत होते.