लेखणी वर, लेखणी खाली

बर्गनच्या सागरी नकाशा कचेरीत, तळमजल्यावर,
चार यंत्रं होती आणि चौघांचे चार सवतेसुभे.
ढोलवालं कागद पुढेमागे ओढायचं,
लेखणी त्याच्यावर नुसती आडवी धावायची;
त्याचं शून्य डाव्या हाताला, खाली.
सपाट मेजाचं यंत्र इंचाशिवाय बोलेना,
त्याचं शून्य कागदाच्या मधोमध.
हिरव्या पडद्याचं शून्य वर, छताजवळ.
आणि चौथी ती म्हातारी, जिला सगळे तांते म्हणत,
म्हणजे मावशी.
तिला एकच लेखणी. रंग बदलायचा तर माणूस लागे.

त्या वर्षी एक अख्खा फियोर्ड उलटा छापून आला.
दीपस्तंभ डोंगराच्या पोटात,
मासेमारीची होडी चर्चच्या कळसावर.
सगळे पोट धरून हसले.
राग्नफ्रिड हसली नाही.
तिच्या एकेका प्रोग्रामच्या चार चार प्रती होत्या,
एकीतली चूक काढावी
तर उरलेल्या तिघींत ती सुखाने नांदत असे.

नोव्हेंबरात, साडेतीनलाच अंधारून येतं तेव्हा,
तिने एका पाकिटाच्या पाठीवर सहा वाक्यं लिहिली:
सुरू कर.
लेखणी वर, जा.
लेखणी खाली, जा.
रंग घे.
कागद बदल.
संपव.

(मी हे ज्या भाषेत लिहितो आहे
तिच्यात लेखणी उचलली की लिहिणं सुरू होतं.
तिथे उचलली की थांबतं.
या ओळीशी मी बराच वेळ अडून बसलो होतो.)

मग भांडणं. शून्य कुणाचं?
कुणाचंच नाही, ती म्हणाली,
कागद शून्यापासून एकापर्यंत,
पुढचा हिशेब ज्याचा त्याने आपल्या घरी करावा.
पहिल्याच दिवशी वर्तुळाचं अंडं झालं.
स्टाइनारला एक्केचाळीस वाक्यं हवी होती:
तुटक रेघ, भरीव रंग, तिरकी अक्षरं,
सपाट मेजाला येतं ते सगळं.
आणि तांतेने काय करायचं?
तिने दोन आठवडे विचार करून सातवं वाक्य लिहिलं:
तुला काय येतं?
खाली नियम: उत्तर खरं द्यावं.
येत नसेल तर नाही म्हणावं,
मग तुटक रेघ आम्ही वरून तोडून पाठवू.

सर्वांत लहान ड्रायव्हर तांतेचा निघाला.
‘रंग घे’ आलं की लेखणी वर, घंटा, आणि वाट पाहणं.
घंटा ऐकून ओडवार उपाहारगृहातून निघायचा,
कॉफीचा पेला कठड्यावर ठेवून,
लाल लेखणी बसवायचा, बटण दाबायचा.
वरच्या प्रोग्रामला पत्ताही नसे
की त्या एका ओळीच्या आत
लोकरी स्वेटरातला एक माणूस
सावकाश जिना उतरतो आहे.

वाट किती पाहायची, हे तिने लिहिलंच नव्हतं.
स्टाइनार म्हणाला, मर्यादा घाल, पाच मिनिटं, फार तर दहा.
तिने ती ओळ लिहिली, वाचली, खोडली.

फेब्रुवारीत ओडवारला न्यूमोनिया झाला, आणि कुणी कुणाला सांगितलं नाही.
घंटा रात्रभर वाजली.
सकाळी राग्नफ्रिडने दार उघडलं तेव्हा
किनारा पुरता आला होता, काळा, एकही रेघ चुकलेली नाही,
आणि जिथून लाल खडक सुरू व्हायचे
तिथे, कागदापासून बोटभर वर,
लेखणी थांबलेली.

तिने कोट काढला नाही.
ओडवारच्या डब्यातून लाल लेखणी घेतली,
टोकाला जीभ लावून पाहिली, ओली आहे का,
बसवली, बटण दाबलं.
खडक एकेक करून यायला लागले.
तिसरा जरासा डावीकडे सरकला, केसभर,
रात्रीतून कागदाने ओल धरली असावी.
केसभर म्हणजे पाण्यावर चाळीस मीटर.
तिने तो ब्लेडने खरवडला, हाताने पुन्हा काढला,
आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं:
खडक तिसरा, हाताने.
मग ओडवारच्या घरी फोन लावला.