मधला यू

क्लेम ऑर्डचा विनोद चाळीस वर्षं जुना:
"मला सात बॉय. एकही शाळेत गेला नाही,
दिवसभर पाण्यात डुंबतात नुसते."
नॉर्थंबरलंडच्या त्या पबात
नवखं माणूस आलं की हा ठरलेला.
ते विचारतं, थोरला केवढा?
मग क्लेम खिडकीतून बोट दाखवतो:
खेकड्यांच्या सापळ्यांवर हेलकावणारे नारिंगी बोये.
टेबलावर हशा सांडतो, बिअरसकट.

कानाला मुलगा आणि बोया एकच.
कागदावर मात्र एकात यू असतो,
बोलताना कुणीच त्याला हाक मारत नाही.

हेस्टर हसत नाही. ग्लास पुसते.
तो आधीच कोरडा असतो.

फेब्रुवारीत बोये अंगणात येतात, खरवडायला.
रंगाच्या दुकानासाठी तिने चिठ्ठी लिहिली:
नारिंगी, आठ बॉयना पुरेल इतका.
यू नव्हता.
क्लेमने कानामागची पेन्सिल काढली,
आठवर टेकवली,
मग चिठ्ठीची तशीच घडी घालून
खिशात ठेवली.
"येताना ब्रेड आण," ती म्हणाली.

संध्याकाळी पबात एक नवखं जोडपं होतं.
विचारलं, मुलं किती?
क्लेम म्हणाला, वारा फार सुटलाय आज.