निरीक्षणवही

परतवाड्याच्या स्टँडवर आलूबोंडे बांधून घेतले तेव्हा
आम्ही बेचाळीस होतो, खारोडे सर धरून त्रेचाळीस,
आणि प्रत्येकाच्या पिशवीत एक प्रश्नावली,
वर महाविद्यालयाचा शिक्का, थोडा तिरपा.
घाटात सहा जणांना उलट्या झाल्या.
हे निरीक्षणात येत नाही, म्हणाले सर.

साजढाण्यात घरं समोरासमोर, दोन ओळींत,
मधला रस्ता इतका झाडलेला
की श्रद्धा ढोमणे चपला हातात घेऊन चालली.
होमस्टेची पाटी निळी, तिच्यावर वाघ,
रंगाऱ्यानं बहुधा बैल समोर बांधून काढलेला.
कुटकीचा भात, तुरीचं पातळ वरण,
ताटामागे दीडशे रुपये.
मी लिहिलं : स्थानिक रोजगार.
पुढच्या रकान्याचं विचारायला गेलो
तर सुमरतीबाईंनी मलाच विचारलं,
"तुह्या गावात येते का कोनी असं पाहाले?"
माझं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं.
टँकर येतो. मतांच्या वेळी जीप येते.
पाहायला कोणी येत नाही.
"मंग बरं हाय तुमचं,"
ती म्हणाली, आणि न मागता भात वाढला.

गाइड तीच.
साडीवर खाकी शर्ट, खिशाला बिल्ला,
बिल्ल्यावर 'सुमती धांडेकर',
मधला 'र' छापायचा राहून गेलेला.
बदलून देऊ म्हणाले होते. तीन सीझन झाले.

रात्री शेकोटीपाशी तिनं कोरकू शब्द शिकवले.
पाणी म्हणजे दा.
आम्ही एका सुरात, बालवाडीसारखं : दा.
वाघ म्हणजे कुला.
मागच्या रांगेत खसखस पिकली.
अनिकेतनं स्वतःच्या मागे हात लावून विचारलं,
"यालाबी पट्टे असतात काय, मावशी?"
सरांनी तोंड फिरवलं, तेही हसायलाच.
ती थांबली.
लाकूड जरा आत सारलं.
तिला मराठी येतं
हे आमच्यातल्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

पहाटे सात जिप्सी.
गारठ्यानं पेन चालेना, तोंडाची वाफ देऊन लिहिलं.
कुरणाशी गाडी सावकाश झाली.
चितळं सत्तावन्न, मी मोजली.
गवताच्या मधोमध एक आंबा, एकटाच,
त्याच्याखाली सागाचे कोरीव खांब, कललेले,
एकावर चंद्र-सूर्य, एकावर घोडेस्वार,
घोड्याचं तोंड वाळवीनं खाल्लेलं.
"हे काय आहे?"
"मुंडे हायेत. मेलेल्या मान्साचे."
"कोणाच्या?"
"गाव होतं."
"कुठं गेलं मग?"
ती कुरणाकडे बघत राहिली, मग एकदम
पाठ केलेल्या आवाजात, शुद्ध मराठीत म्हणाली,
"पर्यटकांनी वाहनातून खाली उतरू नये."
उतरत कोणीच नव्हतं.
आणि बसल्या जागी
तिनं दोन्ही पाय चपलांतून काढून घेतले,
गाडीच्या थंड पत्र्यावर उघडे टेकवले.
आंबा मागे पडेपर्यंत तसेच.

नाल्याच्या वळणावर सांबर ओरडलं.
पुन्हा ओरडलं, जवळून.
ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.
ती उभी राहिली, आणि श्वासाएवढ्या आवाजात :
"कुला."
कोणी हसलं नाही.
अनिकेतची बोटं समोरच्या दांड्यावर पांढरी.
बांबू हलला. थांबला.
कोणाच्या तरी पोटात गुडगुडलं,
तेही सगळ्यांना ऐकू आलं.
दिसलं काहीच नाही.

प्रश्न क्रमांक चौदा :
पर्यटनामुळे आपल्या जीवनात झालेला बदल, थोडक्यात.
तो मी तिच्यापुढे धरलाच नाही.
त्या जागी आलूबोंड्याच्या तेलाचा डाग आहे,
आरपार, मागचा पंधरावाही वाचता येत नाही.

आढळलेले वन्यजीव या मथळ्याखाली लिहिलं :
चितळ ५७, वानरं मोजता आली नाहीत, मोर २,
कुला : आढळला नाही, होता.

सरांनी कुलाभोवती लाल गोल केला.
भाषा तपासा.
दहापैकी सहा.
श्रद्धाला आठ पडले,
तिनं मुखपृष्ठावर वाघ काढला होता,
पाटीवरचा, बैलासारखा.