डावा हातमोजा

नोव्हेंबरात हरवला.
हिल्लाने रडून घर डोक्यावर घेतलं,
मी कामावरून दमून आलेला,
म्हणालो, जाऊ दे गं, हातमोजाच तो.

मग दुपारी तीनलाच अंधार.
वेइक्कोचे दोन दात पडले,
सरपणाच्या खोलीत मांजर व्यायली,
दारातला बर्फ उपसता उपसता
फावड्याचा दांडा मोडला.

एप्रिलअखेर, घसरगुंडीखालच्या चिखलात
निळं काहीतरी.
हिल्लाने धावत आणला, पिळला,
हात घालून पाहिला.
अंगठा शिरेना.

"बाबा, हा आटला."
मी हो म्हटलं.

आता जुलै. रात्री दहालाही ऊन,
जांभळ्या तोंडांची मुलं
तळ्यावरून घरी यायला तयार नाहीत.
सौनाच्या खिळ्याला हातमोजा टांगलाय,
कधीचा वाळलेला.
टाकवत नाही.