खिडकीकडचा हात

तिकिटं यंत्रातून निघू लागली
आणि माझा उजवा अंगठा बेकार झाला.
तेवीस वर्षं पंच दाबलेला,
झोपेतसुद्धा हवेला भोकं पाडायचा.
बायको म्हणाली, द्या काहीतरी त्याच्या हाती.
म्हणून सुया घेतल्या, दहा नंबरच्या,
आणि मूलच्या बाजारातलं पोपटी कॅशमिलॉन.
डेपोत हसले सगळे. हसू दिलं.

कोसंबटोल्याला आमची गाडी मुक्कामी.
पावणेदहाला दिवे विझवायचे,
मी मागच्या लांब बाकावर, उरकुडे ड्रायव्हर बॉनेटवर.
बॉनेटची ऊब दोन तास पुरते.
मग धानाच्या बांध्यांवरून गारठा येतो,
काच खडखडवत विचारतो,
जागा आहे का?

थांब्यासमोर, मोहाखाली,
पोचूबाई शेकोटीशी बसायची.
कुरमाराची म्हातारी, अंगावर काळं घोंगडं.
मांडीवर घासून टकळी सोडायची खाली:
सायकलचा आरा,
आणि बुडाशी फुटक्या कवेलूची गोल घासलेली चकती.
लोकरीतले गोखरू आधी वेचायची,
कुसळं, वाळकी लेंडी,
मग बोटांनी विस्कटत न्यायची
आरपार जाळ दिसेस्तोवर.

मी पोपटी गुंडा पुढे केला.
तिनं चिमटीत धरला, हुंगला.
"मेंढीचा वास नाही, बकरीचा नाही.
हे कोन्या जनावराचं होय?"

अन् टकळी माझ्या हातात दिली.

माझा पहिला धागा आमच्या रस्त्यासारखा:
इथं फुगलेला, तिथं खचलेला,
पुलापाशी तुटलेला.
"तुटला त लाजतं कायले,
थुकी लावाची, तळहातावर रगडाचं,
जाते पुढं."
अंगठा पहिल्यांदा गप्प बसला.
त्याला कळलं, इथं दाबायचं नसतं,
नुसतं सोडत राहायचं.

सतरा मुक्कामांचं सूत झालं.
त्याचा एक हातमोजा विणला, अर्ध्या बोटांचा.
उरकुडेच्या उजव्या हाताला,
कारण त्याच्या बाजूची काच
गाडी गडचिरोलीला होती तेव्हापासून वर जात नाही.
माप तिकिटाच्या पट्टीनं घेतलं होतं.
दव पडलं की त्याला मेंढरांचा वास यायचा,
आणि पहाटेच्या पहिल्या थांब्यावर
कुत्री आमच्या गाडीमागे जास्त लागायची.

जानेवारीत मुक्काम बंद झाला.
उत्पन्न परवडत नाही, असं कागदावर.
नोटीस डेपोत लागते,
मोहाच्या झाडाला लागत नाही.
ती म्हातारी किती रात्री
रस्त्याच्या वळणाकडे बघत बसली असेल,
की बसलीच नसेल, मेंढरांकडे गेली असेल,
हे विचारावं असं माझ्या ओळखीचं कुणी
त्या रस्त्यावर उरलं नव्हतं.

मोह गळायला लागला तेव्हा
दहावीच्या पेपरला आलेल्या एका पोरानं
पिशवी दिली डेपोच्या खिडकीत.
"पोचूबुडीनं देल्ली. पोपटीवाल्या मास्तरले द्या म्हने."
आत काळ्या लोकरीचा गुंडा, नारळाएवढा.
माझ्यासारखा खचका-फुगका नाही.
एकसारखा, वळ धरलेला.

मे महिन्यात, पंख्याखाली,
मी लोकरीचा हातमोजा विणतोय.
डेपोत आता हसत नाहीत,
माझ्याकडे बघून नुसता घाम पुसतात.

गुंडा संपत आला तसा आत कागद लागला.
घडी केलेली तिकिटं, बोटभर जाड,
तिच्यावरच पहिला वेढा घेतलेला.
पोचूबाई आमच्या गाडीत कधी बसली नाही.
उतारू थांब्यावर टाकून जायचे तीच असणार,
शेकोटीत न घालता ठेवलेली.
यंत्राची शाई किती टिकते?
कुठून, कुठवर, पूर्ण, अर्धं,
सगळं उडून गेलेलं.
एका कोऱ्या तिकिटाला तेवढी
एक लेंडी चिकटलेली.

दुसरा हातमोजा पहिल्याहून मोठा झाला.
उरकुडेनं डाव्या हातात चढवून पाहिला,
गिअर दोनदा टाकून पाहिला.
म्हणाला, असू दे.
हिवाळ्यापर्यंत आटते लोकर.